होमखणाचं चित्र भिंतीवरून काढायचं का?

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षिकेचं हे पत्र. शाळेच्या वार्षिक प्रदर्शनासाठी त्यांच्या आठवीच्या वर्गाला ‘जगातल्या विचित्र प्रथा’ हा विषय मिळाला. मुलांनी मोठ्या हौसेने माहिती जमवली. मादागास्करमध्ये पूर्वजांचे अवशेष बाहेर काढून नाचणारी कुटुंबं, इंडोनेशियातले मृतांना घरात ठेवणारे तोराजा, पायाला वेली बांधून मनोऱ्यावरून उड्या टाकणारे वानुआतूचे तरुण, स्पेनमध्ये तान्ह्या बाळांवरून उडी मारणारा सैतानाच्या वेशातला माणूस. एका मुलीने त्याच भिंतीवर शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेतल्या होमखणाचं, म्हणजे भक्त ज्या निखाऱ्यांवरून चालतात त्यांचं, चित्र लावलं. वर्गातल्या एका मुलाचे वडील लईराईचे धोंड, म्हणजे व्रत करून होमखणातून जाणारे भक्त, आहेत. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला ‘मादागास्कर’ म्हणून हाका मारू लागली. त्याची आई शाळेत आली आणि तिने विचारलं, “आमची देवी तुम्हांला विचित्र दिसते?” मुख्याध्यापक म्हणतात, तेवढं चित्र काढा, बाकीची राहू द्या. शिक्षिकेला ते पटत नाही. त्या लिहितात, “विषयच बदलू का? आणि खरं सांगायचं तर निखाऱ्यांवरून चालणं मला स्वतःलाही पटत नाही. मुलांपुढे याला अंधश्रद्धा म्हणू, की परंपरा म्हणून गप्प बसू?”

प्रिय ताई,

प्रदर्शनाचं नंतर बघू, आधी त्या मुलाचं. त्याला चिडवणं आजच थांबायला हवं. वर्गासमोर भाषण केलंत तर सगळ्यांच्या माना त्याच्याकडेच वळतील, म्हणून ते नको. चिडवणारी दोन-चार पोरं कोण हे तुम्हांला ठाऊक असणारच. त्यांना बाजूला घ्या आणि विचारा, तुमच्या घरी, तुमच्या वाड्यावर असं काय होतं, जे पुण्याच्या किंवा दिल्लीच्या मुलाला सांगताना तुम्ही अडखळाल? डिचोलीतल्या पोरांकडे याला उत्तर नसेल असं होणार नाही. कुणी शिमग्यात साळ गावच्या ‘गडे’ उत्सवात गड्यांमागून रात्र जागवलेली असेल. कुणी आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला चिखलकाल्यात लोळून आलेला असेल. कुणाचा मित्र २४ जूनला, सांजांवच्या ख्रिस्ती सणाला, डोक्यावर कोपेल म्हणजे पानाफुलांचा मुकुट चढवून विहिरीत उडी घेत असेल. यातलं काहीच त्यांना वेगळं वाटत नाही, कारण चिखलात लोळणारा त्यांचा मामा असतो आणि विहिरीत उडी मारणारा शेजारचा जावई. मादागास्करच्या माणसाला ती ओळखत नाहीत. एवढा एकच फरक आहे, आणि तुमचं सगळं प्रदर्शन या फरकावर उभं राहू शकतं.

आता मुख्याध्यापकांच्या तोडग्याकडे येते. त्यांचा हेतू मी समजू शकते, शाळेच्या फाटकाशी वाद कुणालाच नको असतो. पण होमखणाचं चित्र काढलं आणि बाकीची तशीच ठेवली, तर मुलं त्या भिंतीवरून काय शिकतील? आपलं ते पवित्र, दुसऱ्याचं ते बघायला गंमतीचं. त्या आईचा प्रश्न मला फार योग्य वाटतो. तोच प्रश्न मादागास्करची एखादी आई विचारू शकत नाही, कारण ती डिचोलीला येणार नाही. तिची बाजू मांडणारं तिथे कुणी असेल तर त्या तुम्हीच.

मादागास्करच्या मधल्या उंच प्रदेशात मेरिना आणि बेत्सिलेओ लोक राहतात. साधारण पाच-सात वर्षांतून एकदा, पाऊस नसतो त्या जुलै ते सप्टेंबरच्या दिवसांत, एखादं कुटुंब आपलं थडगं उघडतं. आजी-आजोबांचे, पणजोबांचे अवशेष बाहेर आणतात, त्यांना नवं रेशमी वस्त्र गुंडाळतात आणि वाजंत्र्यांच्या तालावर खांद्यावर घेऊन नाचतात. याला फामादिहाना म्हणतात. मोबाइलवरच्या व्हिडिओत इतकंच दिसतं. त्या दिवसासाठी शहरात कामाला गेलेली चुलत-मावस भावंडं गावी परततात, घरात कोण जन्मलं, कुणाचं लग्न ठरलं हे गेलेल्यांच्या कानावर घालतात, गावाला जेवण घालतात आणि त्या खर्चासाठी कितीतरी वर्षं पैसे बाजूला टाकलेले असतात, हे व्हिडिओत येत नाही. आपण भाद्रपदात म्हाळ घालतो. पान वाढून कावळ्याची वाट बघतो, आणि तो लवकर शिवला नाही तर ‘त्यांच्या मनात काय राहून गेलं असेल’ म्हणून सगळं घर अस्वस्थ होतं. आठवीतल्या ज्या मुलाने आपल्या आजोबांचं पान वाढताना पाहिलं आहे, त्याला फामादिहाना समजायला पाच मिनिटं पुरतील. फक्त कुणीतरी ती दोन्ही शेजारी ठेवून दाखवायला हवीत.

वानुआतूची गोष्ट तर मुलांना सविस्तर सांगाच. प्रथेला तिच्या जागेवरून उपटलं की काय होतं, ते इतक्या स्पष्टपणे सांगणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पेंटेकोस्ट बेटावर एप्रिल ते जून या काळात सुरणासारख्या कंदाची, यामची कापणी होते, आणि त्याच वेळी पुरुष लाकडी मनोऱ्यावरून खाली झेप घेतात. मनोरे वीस-तीस मीटर उंच असतात. पायाला बांधलेल्या वेलींची लांबी ज्याच्या-त्याच्या वजना-उंचीप्रमाणे जाणती माणसं ठरवतात. त्या मोसमात वेलींत रस भरलेला असतो म्हणून त्या ताणल्या जातात. १९७४ साली इंग्लंडची राणी एलिझाबेथ त्या बेटांच्या दौऱ्यावर आली. पाहुणीला खेळ दाखवायचा म्हणून भलत्याच मोसमात उड्या ठेवल्या. वेलींना ताण नव्हता. एका तरुणाची वेल तुटली आणि तो दगावला. पुढे १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या पुलावरून काही हौशी तरुणांनी रबरी दोर बांधून उड्या मारल्या आणि त्यातून आजचा बंजी जंपिंगचा धंदा उभा राहिला. तो मात्र कुणाला विचित्र वाटत नाही, त्याची तिकिटं विकली जातात. तुम्ही विज्ञानाच्या शिक्षिका आहात, वेलीतला रस आणि तिची लवचिकता यावर एक अख्खा तास होईल. ज्यांनी तो मोसम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांना अडाणी म्हणायला मग मुलांची जीभ वळणार नाही.

गोव्यात राहणाऱ्यांनी अशा याद्यांच्या बाबतीत थोडं अधिक हळवं असावं, असं मला वाटतं. १७३६ साली पोर्तुगीज अमलातल्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, एक फर्मान काढून आपल्या चालीरीतींची लांबलचक यादी केली होती. तिचा रोख मुख्यतः बाटलेल्या कुटुंबांवर होता. घराशी तुळस लावायची नाही. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायकांनी जुन्या पद्धतीची चोळी घालायची नाही, लग्नात ओव्या म्हणायच्या नाहीत. रोजच्या जेवणातल्या भातालाही त्या यादीत जागा मिळाली. तुमच्या शाळेच्या हॉलची तुलना मी त्या फर्मानाशी करत नाही, मुलांच्या मनात निव्वळ कुतूहल आहे. पण यादी करणारा बाहेरचा असला आणि यादीतल्या माणसाला त्यात बोलायची सोय नसली की कसं वाटतं, हे या भूमीला माहीत आहे. आणि इतकं होऊनही इथली माणसं एकमेकांना धरून राहिली. लईराईची बहीण म्हणून म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, आजही हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही धर्मांचे लोक हात जोडतात. तुमच्या भिंतीवर यालाही जागा द्या.

आता तुमच्या मनातला खरा पेच. अंधश्रद्धा म्हणायचं, की गप्प बसायचं? ताई, तुम्ही स्वतःपुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत, आणि दोन्हींत मुलांना विचार करायला वाव नाही. विज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीला तिसरी वाट सगळ्यांत सोयीची आहे. नीट बघायचं, नीट विचारायचं.

निखाऱ्यांवरून पाय न भाजता जाता येतं, यामागचं भौतिकशास्त्र सरळ आहे. लाकडाच्या कोळशातून उष्णता हळू वाहते, वर राखेचा थर असतो आणि पाऊल क्षणभरच टेकतं. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत हात नेला तर आतली तापलेली हवा क्षणभर सोसते, पण त्याच भट्टीतल्या लोखंडी पत्र्याला बोट लागलं तर लगेच फोड येतो. तापमान तेच, उष्णता हाती येण्याचा वेग वेगळा. हे मुलांना जरूर शिकवा. त्याबरोबर हेही सांगा की पाय भाजतातही, आणि घरी कुणी करून पाहायचं नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. पाय का भाजत नाहीत याचं उत्तर मिळालं म्हणून माणूस तिथे का जातो हे कळत नाही. स्पेनमध्ये सान पेद्रो मान्रिके नावाचं एक छोटं गाव आहे. दर वर्षी २३ जूनच्या रात्री, म्हणजे आपल्या सांजांवच्या आदल्या रात्री, तिथले लोक ओकच्या निखाऱ्यांवरून चालतात, बहुतेक जण पाठीवर आपलं माणूस घेऊन. काही संशोधकांनी तिथे चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालणाऱ्याच्या ठोक्यांची चढउतार जशी होत होती, तशीच ती बाजूला नुसत्या बसलेल्या त्याच्या नातलगांची आणि मित्रांची होत होती. बाहेरून बघायला आलेल्या पाहुण्यांच्या ठोक्यांत हा मेळ आढळला नाही. त्या मुलाचा विचार करा. वडील होमखणातून जात असताना काठावर उभं राहून त्याच्या काळजाचं काय होत असेल? आणि ज्यांनी फक्त चित्र पाहिलं, ती पोरं त्याला हसली. ही दरी तुमच्या वर्गात आहे आणि ती मोजूनही दाखवता येते. आठवीला याहून चांगला विज्ञानाचा पाठ मला सुचत नाही.

शिरगावच्या शेजारी मग बल्गेरियातलं बल्गारी गाव ठेवा. तिथले नेस्तिनारी संत कॉन्स्टंटाइन आणि हेलेना यांच्या सणाला त्यांच्या प्रतिमा हाती घेऊन निखाऱ्यांवर नाचतात. २००९ मध्ये युनेस्कोने या परंपरेची वारसा म्हणून नोंद घेतली. उत्तर ग्रीसमध्येही त्याच संतांच्या सणाला, २१ मे रोजी, काही गावांत हे होतं. ते लोक बाल्कन युद्धांच्या धामधुमीत आपली गावं सोडून आलेले, येताना संतांच्या प्रतिमा सोबत घेऊन आलेले. तिथल्या चर्चला हे फारसं रुचत नाही, तरी ते चालू आहे. इकडे शिरगावात, वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेआधी धोंड घर सोडून पाण्याच्या काठी राहतात, स्वतःचं स्वतः रांधतात, मासळी आणि दारू वर्ज्य करतात, मोगऱ्याच्या माळा आणि गोंडे लावलेली वेताची काठी घेऊन निघतात. होमखणातली पावलं म्हणजे त्या सगळ्या व्रताचे शेवटचे काही क्षण. चित्रात नेमके तेच क्षण येतात आणि आधीचे दिवस गळून जातात.

तुमच्या नापसंतीलाही इथे जागा आहे. प्रत्येक प्रथेपुढे मान तुकवा, असं मी सांगणार नाही. गोव्यातच एके काळी शेंसविधी करून मुलींना देवळाच्या सेवेशी जखडून टाकत. त्या मुलींना कुणी विचारत नव्हतं. ती चाल बंद पडावी म्हणून विसाव्या शतकात ज्या समाजावर ती लादली होती त्याच समाजाची माणसं उठली, त्यांनी शिक्षण घेतलं, संघटना बांधली, आपल्याच घरांत भांडण घेतलं. प्रथेचा न्याय करायचा तर मी त्या लढ्याकडे बघते. करणाऱ्याला नाही म्हणता येतं का? झळ कुणाला बसते, करणाऱ्याला की दुसऱ्याच कुणाला? आणि तिथल्याच माणसांत याबद्दल काय बोललं जातं? तोराजांच्या अंत्यविधीला म्हशी-रेडे कापावे लागतात, त्यासाठी घरं कर्जात बुडतात आणि यावर त्यांच्याच तरुण मंडळींत वाद होतात. मादागास्करमध्ये प्लेगने गेलेल्या माणसाला पुन्हा उघडता येईल अशा थडग्यात ठेवू देत नाहीत, कारण त्यातून इतरांना धोका. प्रौढ धोंड नवसाने, स्वखुशीने जातो. गादीवर ठेवलेल्या स्पॅनिश तान्ह्या बाळाचं तसं नाही, त्यामुळे मला त्या प्रथेबद्दल अधिक प्रश्न पडतात. तुमच्या मुलांना कदाचित उलट वाटेल. वाटू द्या, कारणं मात्र मागा.

शिरगावच्या बाबतीत २०२५ च्या मे महिन्याचा विषय मुलं काढतीलच. जत्रेच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली. तुमच्या मनातली भीती तिथूनही आली असेल. ते होमखणाने घेतलेले बळी नव्हते, अरुंद वाटेवरच्या गर्दीने घेतलेले होते, आणि असं रेल्वेच्या पुलावर आणि क्रिकेटच्या मैदानाबाहेरही झालं आहे. श्रद्धेला दोष देऊन मोकळं झालं की वाटा किती रुंद हव्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मार्ग वेगळे का नव्हते, हे प्रश्न मागे पडतात. त्या प्रश्नांवर मुलांना आकृत्या काढायला लावा.

म्हणून विषय बदलू नका. मथळा बदला. ‘माणसं असं का करतात?’ एवढं पुरे, किंवा मुलांनाच सुचवू द्या. प्रत्येक चित्राखाली मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावं की हे कोण करतं, कधी करतं, त्याच्या आधी आणि नंतर काय होतं, आणि तिथलंच कोण याला विरोध करतं. ज्याच्याबद्दल इतकं सापडणार नाही ते चित्र लावूच नका, मग ते कितीही भन्नाट असो. ही चाळणी लावली की भिंतीवरची निम्मी गर्दी आपोआप कमी होईल. उघड्या देहांची, मृतदेहांची, रडणाऱ्या माणसांची चित्रं मुलांना हाताने काढू द्या, छापील फोटो टाळा. आपल्या घरच्या मयताचा फोटो परक्या शाळेत लागलेला आपल्याला चालेल का, हा साधा निकष ठेवा. आणि गोव्याबाहेरच्या प्रत्येक प्रथेशेजारी इथलं काहीतरी हवंच.

मुख्याध्यापकांकडे जाताना ‘तुमचं चुकलं’ असा सूर नको. त्यांना वाद टाळायचा आहे, तेव्हा सांगा की एकच चित्र काढलं तर उद्या दुसऱ्या घरातून कुणी येईल, ‘त्यांचं काढलंत, आमचं का नाही?’ म्हणत. सगळ्यांना एकच नियम लावला की शाळा सुरक्षित राहते. हे त्यांना पटेल असं मला वाटतं.

ज्या वाचकांच्या घरी पर्यटक उतरतात, जे जत्रांचे रील काढतात, किंवा ज्यांच्या घरी दुसऱ्या प्रांतातली, दुसऱ्या देशातली सून-जावई आले आहेत, त्यांनाही हाच पेच वेगळ्या रूपात पडतो. पाहुण्याला जत्रेला न्यायचं असेल तर आदल्या दिवशीच न्या, व्रत कसं चालतं ते लांबून पाहू द्या, कॅमेरा काढण्यापूर्वी विचारायला सांगा. नव्या सुनेला आपली रीत अजब वाटली तर रुसू नका, तिच्या माहेरची एखादी रीत विचारून घ्या.

त्या आईकडे मात्र प्रदर्शनाआधी जाऊन या, तिला पुन्हा शाळेत बोलावू नका. दुखावल्याबद्दल वाईट वाटतं हे सरळ सांगा आणि मथळा बदलतोय हे दाखवा. तिच्या नवऱ्याची तयारी असेल तर त्यांनी वर्गात येऊन व्रताबद्दल बोलावं, पण आग्रह नको. काही धोंडांना हे चारचौघांत बोलायला आवडत नाही. मुलालाही वेगळं विचारा, वडिलांसमोर नव्हे. तुमच्या मनात त्यानेच होमखणाचा तक्ता करावा असं येईल. तेरा वर्षांच्या मुलावर आपल्या घराची वकिली करण्याचं ओझं टाकू नका. त्याला वानुआतूवर लिहायचं असेल, तर वानुआतूवरच लिहू द्या.